टंग ड्रम घेताना आणि वाजवताना या चुका टाळा

स्टील टंग ड्रमबद्दल एक गोष्ट आधीच डोक्यात फिट करून घ्या, म्हणजे अर्धी डोकेदुखी वाचेल: याचे सूर कारखान्यातच कापले जातात. गिटारची तार पिळून सूर वरखाली करता येतो, पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्याच समोर असतात, इथे तसलं काही नाही. स्टीलच्या गोल डब्याच्या वरच्या बाजूला जिभा कापलेल्या, जितक्या जिभा तितके सूर, संपला विषय. म्हणजे पुढे तुम्ही काय वाजवू शकणार आणि काय नाही हे विकत घेतानाच ठरून जातं, आणि नेमकं तेव्हाच लोक रंग आणि नक्षी बघत बसतात.

हँडपॅन समजून टंग ड्रम घेऊ नका

स्वस्तातला "हँडपॅन" दिसला की आधी फोटो मोठा करून बघा. जिभेच्या आकाराच्या चिरा दिसल्या तर तो टंग ड्रम आहे, वर नाव काहीही लिहिलेलं असो. हँडपॅनला चिरा नसतात, हातोडीने ठोकून गोलसर खोलगट भाग केलेले असतात आणि चांगल्या हँडपॅनमध्ये प्रत्येक जागेत मूळ सूर, त्याचा वरचा सा आणि त्याच्याही वरचा पंचम असे तिन्ही जुळवलेले असतात, म्हणून तो महाग. त्या घराण्याची सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २००० साली पॅनार्ट या कंपनीने बनवलेल्या हँग नावाच्या वाद्यापासून झाली. टंग ड्रमची गोष्ट निराळी, अमेरिकेतल्या डेनिस हॅवलेना यांनी २००७ मध्ये प्रोपेन गॅसच्या टाकीला चिरा पाडून हँक ड्रम केला आणि कसा करायचा ते सगळ्यांना सांगून टाकलं, तिथून हे स्वस्त वाद्य पसरलं. टंग ड्रममध्ये साधारणपणे जिभेचा मूळ सूरच जुळवलेला असतो, वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे बारीक सूर) जसे येतील तसे. त्यामुळे व्हिडिओतल्या हँडपॅनसारखा आवाज यातून येणार नाही, आणि तो येत नाही म्हणून ड्रम खराब आहे असंही नाही.

(आणि हे वाचून कुणी घरातला जुना सिलिंडर कापायला घेणार असेल तर प्लीज नको. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत गॅस उरलेला असतो, ग्राइंडरची एक ठिणगी पुरते.)

पट्टी आणि स्केल न बघता ऑर्डर करणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो.

वर्णनात "सी मेजर", "डी मेजर", "पेंटाटॉनिक", "डी मायनर" असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस ते सरळ ओलांडून पुढे जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर सी म्हणजे पांढरी एक आणि डी म्हणजे पांढरी दोन. मेजर म्हणजे सगळे शुद्ध स्वर, बिलावल थाट (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा). पेंटाटॉनिक मेजर म्हणजे सा रे ग प ध, म्हणजे थेट भूप रागाचे स्वर, मध्यम आणि निषाद नाहीतच. मायनर म्हणजे ग, ध, नी कोमल, आसावरी थाट.

आता तुम्हाला नक्की काय करायचंय ते स्वतःला विचारा. डोळे मिटून काहीबाही वाजवत शांत बसायचंय, लहान मुलांना द्यायचाय, तर पेंटाटॉनिक बेस्ट, कारण दोन शेजारचे सूर आपटणारच नाहीत, कुठेही मारा कानाला बरंच लागतं. शिवाय त्याच पाच सुरांत खेळायला भरपूर आहे: भूपाचा पंचम सा धरला की दुर्गा मिळतो, धैवत सा धरला की धानी, आणि गंधार सा धरला तर मालकंस. पण ओळखीची गाणी वाजवायची असतील तर पेंटाटॉनिक घेऊन तुम्ही आठवड्यात वैतागणार, कारण बहुतेक गाण्यांत कुठेतरी म किंवा नी येतोच आणि तिथे हात हवेत राहतो. मग सातही स्वर असलेला मेजर घ्या. त्यातही सा ची जागा बदलली की रे पासून काफी, ग पासून भैरवी, ध पासून आसावरी असे थाट निघतात, फक्त जिभा मोजक्या असल्यामुळे पूर्ण सप्तक मिळेलच असं नाही.

जे गाणं डोक्यात आहे त्यात शुद्ध आणि कोमल गंधार दोन्ही लागत असतील तर ते साध्या टंग ड्रमवर होणार नाही. किती रियाज केला तरी होणार नाही, ती जीभच नाहीये.

अजून एक बारीक गोष्ट, काही ड्रम "४३२ हर्ट्झ" म्हणून विकतात (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि हा आकडा वाद्यं ज्या आधार-सुरावर लावतात त्याचा). त्याचे फायदे-बियदे सोडा, मला त्यात तथ्य वाटत नाही, पण ज्याला दुसऱ्या वाद्यासोबत वाजवायचंय त्याने हे टाळा. नेहमीच्या ४४० च्या मानाने तो जवळजवळ ३२ सेंट उतरलेला असतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या साधारण एक तृतीयांश, आणि ४४० ला लावलेला कीबोर्ड किंवा पेटी बाजूला वाजली की दोघांचं भांडण लगेच ऐकू येतं. एकटे वाजवणार असाल तर काही फरक पडत नाही.

जास्त जिभा म्हणजे जास्त चांगला, असं नाही

६ इंची ड्रमवर ११ जिभा कोंबलेल्या दिसल्या की वाटतं वा, स्वस्तात मस्त. पण जागा तेवढीच, म्हणजे जिभा बारीक, मॅलेट (वाजवायची रबरी टोकाची काठी) शेजारच्या जिभेला लागते आणि आवाज टिपेला जातो. जीभ लांब तितका सूर खाली, त्यामुळे मंद्रातला घुमारा हवा असेल तर स्टीलचा घेर मोठा लागतोच, त्याला शॉर्टकट नाही. ३-४ इंची वाले तर खेळणीच समजा. पहिल्यांदा घेताय आणि बजेट ताणता येतंय तर १० ते १२ इंच, ११ किंवा १३ जिभा हा मधला मार्ग सगळ्यात कमी पस्तावायला लावणारा. बजेट नसेल तर ६-८ इंची घ्या पण मग ८ जिभांवर समाधान माना, त्या स्वच्छ वाजतात.

ऐकल्याशिवाय घेऊ नका हे सगळेच सांगतात, ऑनलाइन घेताना ते जमत नाही. मग निदान विक्रेत्याच्या चकचकीत व्हिडिओवर जाऊ नका, त्यात रिव्हर्ब (नंतर घातलेला कृत्रिम घुमारा) ओतलेला असतो. ग्राहकांनी फोनवर काढलेले ओबडधोबड व्हिडिओ शोधा आणि हेडफोन लावून ऐका. प्रत्येक जीभ एकेकदा वाजवलेली असेल तर लक्ष द्या, सगळ्यांची आस (मारल्यावर सूर रेंगाळतो ती) साधारण सारखी आहे का, की एखादी मध्येच "ठक" करून मरते.

स्टिकरचा घोळ

जिभांवर १ ते ७ आकडे असतात, १ म्हणजे सा, २ रे, असंच पुढे. काही आकड्यांच्या खाली टिंब, काहींच्या वर टिंब. हे बघून घाबरायचं काही कारण नाही, खाली टिंब मंद्र आणि वर टिंब तार, भातखंडे पद्धतीत शिकलेल्यांना हे पाठच आहे. सोबत येणारं पुस्तकही बहुधा याच आकड्यांत असतं.

गडबड होते ती स्टिकर वेगळे पाकिटात आले की. लोक मोठ्या जिभेपासून ओळीने गोल फिरत चिकटवत जातात, पण सूर ओळीने लावलेले नसतात, सहसा एक डावीकडे एक उजवीकडे असे फिरतात, म्हणजे दोन्ही हातांना काम मिळावं. फोनवर ट्यूनर ॲप लावून एकेक जीभ वाजवा, सूर बघा, मगच चिकटवा. आणि चिकटवा जिभेच्या मुळाशी, टोकाला नको. टोकावर जाड स्टिकर लावला की जिथे मारायचं तीच जागा दबते, आणि अर्धवट सुटलेला स्टिकर तर छान खरखरतो.

मारताना होणाऱ्या चुका

जोरात मारणं. दुसरी चूक लिहायचीच गरज नाही इतकी ही कॉमन आहे. जोरात मारल्याने आवाज फारसा वाढत नाही, फक्त डब्याचा खणखणाट वर येतो आणि मूळ सूर हरवतो. मॅलेट सैल धरा, अंगठा आणि तर्जनीत, बाकीची बोटं नुसती टेकलेली, आणि मनगटातून टाका. पडली की तिने स्वतःच उसळी मारून वर यायला पाहिजे, तुम्ही ती जिभेवर दाबून ठेवलीत की तुम्हीच सूर मारलात.

कुठे मारायचं तर मोकळ्या टोकाजवळ, मधोमध. मुळाशी जीभ ताठ असते, तिथे ठणठण येते. चिरेवर मारलं तर दोन जिभा एकदम बोलतात. हाताने वाजवायचं असेल तर बोटाच्या पेराने टपकन मारून लगेच उचला, तव्याला चटका बसल्यावर हात कसा मागे येतो तसा. नखं वाढवलेली असतील तर टकटक ऐकू येणारच.

आणि थांबायला शिका हो. एका सुराची आस चालू असताना त्यात चार सूर ओतले की मेजर स्केलवर तरी चिखल होतो, खासकरून ग-म आणि नी-सा शेजारी आले की. एक तर हळू वाजवा, नाहीतर मागच्या जिभेवर बोट टेकवून ती बंद करा आणि मग पुढची घ्या. सुरुवातीला डाव्या हाताने खालचा सा दर चार मात्रांना आणि उजव्याने दोन-तीनच सूर, एवढंच केलं तरी ऐकण्यासारखं होतं.

आवाज बिघडला असं वाटतंय?

आधी ड्रम कुठे ठेवलाय ते बघा. तळाला भोक असतं, गादीवर किंवा मांडीत घट्ट धरला की ते बंद होतं आणि खालचे सूर बसतात. थेट लादीवर ठेवला तर थरथरतो. रबरी पाय असतील तर ते नीट बसवा, नसतील तर खाली रबरी रिंग घ्या, म्हणजे भोक मोकळं आणि तळ स्थिर.

झणझण किंवा खरखर येत असेल तर एका हाताने ड्रमच्या वेगवेगळ्या भागांना स्पर्श करत दुसऱ्या हाताने तीच जीभ वाजवत राहा, जिथे बोट टेकवल्यावर आवाज थांबतो तिथे गुन्हेगार. सहसा सुटलेला स्टिकर, सैल पाय, चिरेत अडकलेला कचरा, किंवा आत पडलेलं लोहचुंबक निघतं. हो, बऱ्याच ड्रममध्ये सूर जुळवायला जिभेच्या खालून छोटं चुंबक लावलेलं असतं. टोकाला वजन वाढलं की सूर उतरतो, त्यामुळे ते निसटलं की एकच जीभ अचानक चढलेली वाटते. तळाच्या भोकातून हात घालून चुंबक परत टोकाकडे लावा, ट्यूनर बघत थोडं मागेपुढे सरकवा, जुळतं. हीच युक्ती मुळातच चढलेल्या जिभेलाही चालते. उतरलेल्या जिभेला मात्र घरी काही करू नका, कानस घेऊन टोक घासायचे सल्ले मिळतील पण एकदा घासलेलं परत भरता येत नाही, नवा असेल तर सरळ परत पाठवा.

ट्यूनर कधीकधी भलताच सूर दाखवतो कारण तो उपस्वर पकडतो किंवा बाजूच्या जिभा सोबत गुणगुणत असतात. बाकीच्यांवर तळहात ठेवा, हळू मारा, आणि पहिला ठोका जाऊ देऊन मगचा आकडा बघा. पाच-दहा सेंटचा फरक स्वस्त ड्रममध्ये धरूनच चाला, एकट्याने वाजवताना तो जाणवतही नाही. तीस-चाळीस सेंट असेल तर मात्र गप्प बसू नका, ट्यूनरच्या स्क्रीनचा व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवा.

सगळ्याच जिभा एकदम ठोकळ्यासारख्या वाजायला लागल्या तर ड्रम नाही, मॅलेट बघा. रबराचं टोक झिजतं, फाटतं किंवा निघून येतं आणि नुसती काठी धातूवर आपटत राहते. मॅलेट वेगळी मिळते, त्यासाठी नवा ड्रम लागत नाही.

गंजाचं म्हणाल तर तो चिरांच्या कडांना आधी धरतो, कारण तिथे रंग नीट बसलेला नसतो. वाजवून झाल्यावर घामाचे हात लागलेत म्हणून कोरड्या कापडाने पुसा, पावसाळी हवेत बॅगेत सिलिका जेलची एखादी पुडी टाका. डाग दिसायला लागलेच तर मशीन ऑइलचा एक थेंब कापडावर घेऊन कडेने फिरवा आणि जास्तीचं पुसून काढा. थेट चिरेत तेल ओतू नका, धूळ चिकटून तिथेच बसते.