नोटबुक चालतं, पुस्तकही बनतं, तरी विद्यार्थ्याला एरर: ज्युपिटर बुकमधला उपाय

ज्युपिटर बुक हे नोटबुकांचं (मजकूर आणि कोडचे तुकडे, म्हणजे सेल, असलेल्या फाइलींचं) पुस्तक बनवणारं साधन. त्यात बनवलेल्या पुस्तकात पायथनचा धडा नीट दिसायचा. विद्यार्थ्याने तोच वरून खाली चालवला की तिसऱ्या सेलला 'नेमएरर', म्हणजे हे नाव माहीतच नाही अशी तक्रार. 'गुण' ही यादी बनवणारा सेल कधीतरी पुसला गेला होता, पण माझ्याकडे कर्नलच्या (कोड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेमरीत यादी शिल्लक होती. शिवाय ज्युपिटर बुक १ मध्ये एक्झिक्यूशनची सेटिंग मुळात 'ऑटो' असते: ज्या नोटबुकात सगळी आउटपुट आधीच आहेत, ते पुन्हा चालवलंच जात नाही. जुनं उत्तर तसंच पानावर येतं!

कॉन्फिग फाइलमध्ये 'ऑटो'च्या जागी 'फोर्स' केलं आणि प्रत्येक नोटबुक नव्याने चालून चूक पहिल्याच बिल्डमध्ये (पुस्तक बनवताना) पकडली गेली. मात्र आणखी तीन सेल अडले. मुद्दाम चूक दाखवणाऱ्या सेलला 'रेझेस-एक्सेप्शन' (इथे एरर अपेक्षित आहे) हा टॅग दिला. एक सेल ३० सेकंदांच्या ठरलेल्या मर्यादेत संपत नव्हता, तिथे टाइमआउट १२० केला. वापरणाऱ्याकडून उत्तर घेणारं 'इनपुट' फंक्शन बिल्डमध्ये चालतच नाही, कारण उत्तर टाइप करायला समोर कोणी नसतं; तिथे 'वय = 15' असं थेट लिहिलं.

आता गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनात) नोटबुक ठेवताना त्यातली आउटपुट आधी काढून टाकतो. एनबीस्ट्रिपआउट हे साधन ते काम आपोआप करतं आणि सहलेखकाने कोणती ओळ बदलली तेही स्वच्छ दिसतं.