एका रात्रीचा शिक्रा

शिमगा उरकला की मी माळ्यावरून एक पुठ्ठ्याचा खोका खाली काढतो. उन्हाळ्यात आमच्या वाडीतलं कोणीतरी पोर टॉवेलात काही गुंडाळून पडवीत उभं राहणार, "काका, घारीचं पिल्लू!" म्हणणार, आणि टॉवेलात बहुधा शिक्रा, म्हणजे लहानसा शिकारी पक्षी, निघणार, हे ठरलेलं.

सगळ्यात आधी नंबर. वनखात्याचा 1926 आणि आपल्या भागातल्या वनरक्षकांचा मोबाईल भिंतीवर ठळक लिहून ठेवा. एके काळी बाज पाळणारे लोक शिक्रा आवडीने ठेवत. तो लवकर शिकतो, म्हणून मोलाच्या ससाण्यांना खाऊ घालायचं भक्ष्यही त्याच्याकडूनच मारून घेत. आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला घरात पाळता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आपलं घर म्हणजे त्याची एका रात्रीची वस्ती, एवढंच धरून तयारी करायची.

पोराला पहिला प्रश्न विचारायचा: उचललंस कुठून? अंगभर पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जखमी नसेल तर ते उडायला शिकतंय. त्याला त्याच झाडाच्या फांदीवर ठेवून लांब व्हायचं, मांजर-कुत्र्यांवर नजर ठेवायची. आईबाप जवळपासच असतात, भरवतातही. अशी कितीतरी पिल्लं केवळ मायेपोटी घरी आणली जातात.

खरंच जखमी असेल तर मात्र खोका हवा. आंब्याचा बॉक्स आपल्याकडे हाताशी असतो, त्याला भोकंही असतात, पण तो बुटका पडतो. कबुतराएवढा पक्षी आत ताठ उभा राहिला पाहिजे. मी मिक्सरचा खोका वापरतो, भोकं आधीच पाडून ठेवतो. तळाला जुना सुती टॉवेल, म्हणजे पाय घसरत नाहीत. पेंढा घालू नका. आपल्या दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि ती या पक्ष्यांच्या फुप्फुसात जाते.

जाळीचा पिंजरा तर नकोच नको. माझ्या हातून ही चूक झाली आहे. पहिल्या वेळी मी शिक्रा कोंबड्यांच्या जाळीच्या खुराड्यात ठेवला. रात्रभर तो जाळीवर धडका देत होता. सकाळी शेपटीची चार पिसं मधोमध मोडून लोंबत होती, नाकाच्या वर रक्त साकळलं होतं. पंखाची जखम किरकोळ होती, पण मोडलेलं पीस सांधत नाही. ते गळून नवं येईपर्यंत थांबावं लागतं, आणि झाडांच्या गर्दीत गर्रकन वळणाऱ्या या पक्ष्याचं सगळं शेपटीवर चालतं. तो माझ्यामुळे कित्येक महिने अडकला. त्या सकाळची आठवण अजून बोचते.

धरताना टॉवेल अंगावर टाकून पंख मिटवायचे, पाय सांभाळायचे. चोचीपेक्षा नख्या वाईट. खोका माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पंखा बंद, टीव्ही बंद, मांजर बाहेर, कोंबड्या लांब. झाकण उघडून फोटो काढायचे नाहीत. अंधारात तो शांत होतो, माणूस दिसला की घाबरून धडपडतो.

खायला काय, असं घरातली मोठी माणसं हमखास विचारतात. त्या रात्री काही नाही. दूधभात नको, सुकट नको, चोचीत पाणी तर मुळीच नको, ते श्वासनळीत जातं. मुक्काम लांबलाच तर डॉक्टरांना विचारूनच द्यायचं. नुसतं बिनहाडाचं चिकन त्याला पुरत नाही. हाडं-पिसांसकट भक्ष्य लागतं, त्यातलं न पचलेलं तो गोळी करून ओकून टाकतो.

शेवटी एक चिठ्ठी आणि दोरा. बरा झाल्यावर त्याला जिथला तिथेच सोडायचा असतो, म्हणून मी खोक्यावर बांधतो: "काजूची बाग, विहिरीच्या वरची बाजू, सकाळी साडेसहा, डावा पंख."