छातीतली नळी घरी सांभाळताना: काय बिघडतं आणि काय करायचं

कॅन्सरमुळे फुप्फुसाभोवती वारंवार पाणी साचत असेल तर त्वचेखालून सरकवून सिलिकॉनची मऊ नळी बसवतात. तिच्यातून घरीच पाणी काढून पेशंटला लागणारा दम कमी व्हावा, एवढ्यासाठीच ती असते. छाती पार कोरडी करायचा अट्टाहास नको.

हात साबणाने धुवा, निर्जंतुक हातमोजे घाला, नळीच्या बाहेरच्या टोकाच्या व्हॉल्व्हचं (झडपेचं) तोंड अल्कोहोल स्वॅबने पुसून वाळू द्या, मगच पाणी ओढून घेणारी व्हॅक्यूमची बाटली जोडा. एका वेळी जास्तीत जास्त एक लिटर. खोकल्याची उबळ आली, छाती आवळली किंवा खांद्यात कळ निघाली, की क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लगेच बंद. बाटलीत 200 मिलीच जमलं असलं तरी. दबलेलं फुप्फुस फार भराभर फुललं तर त्याच्या आतच पाणी झिरपतं आणि दम उलट वाढतो. ट्यूमरने जखडलेलं फुप्फुस तर पूर्ण फुलतच नाही. अशा पेशंटला पाणी काढताना जास्त दुखतं, म्हणून थोडं आणि सावकाश काढा.

पाणी येईनासं झालं, तर आधी ड्रेसिंग उघडून नळी कुठे मुडपली आहे का ते बघा. क्लॅम्प आणि बाटलीचा व्हॅक्यूमही तपासा. ते ठीक असेल तर पेशंटच्या दमाकडे लक्ष द्या. दम वाढतोय, म्हणजे नळीत फायब्रिनची (पाण्यातल्या चिकट प्रथिनाची) गुठळी अडकली असेल किंवा आत पाण्याचे कप्पे झाले असतील. सोनोग्राफीत ते कळतं. नर्स सलाइनने नळी मोकळी करून पाहतात. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर गुठळी विरघळवणारं औषध नळीतून देतात. घरी मात्र व्हॉल्व्हमध्ये सुई किंवा साधी सिरिंज कधीही घालू नका. व्हॉल्व्ह बिघडला की हवा आत शिरते. दम लागत नाही आणि सलग तीन वेळा 50 मिलीहून कमी पाणी आलं, तर फुप्फुसाभोवतीची दोन आवरणं एकमेकांना चिकटली असण्याची शक्यता आहे. तपासणीत तसं दिसलं तर नळी काढताही येते.

ताप, थंडी, गढूळ किंवा वासाचं पाणी, नळीभोवती लाली वा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. केमो चालू असेल तर तासाभराचाही उशीर नको. नळी काढायची घाई सहसा करावी लागत नाही: अँटिबायोटिक देऊन पाणी काढत राहिलं की बहुतेकांचं भागतं. फिकट गुलाबी पाणी कॅन्सरमध्ये नेहमीचंच, पण लालभडक रक्त आलं तर क्लॅम्प लावून थेट इमर्जन्सीत न्या.

काही महिन्यांनी नळीच्या वाटेवर दुखरी गाठ आली तर तिथे कॅन्सर पसरलेला असू शकतो, विशेषतः मेसोथेलिओमात (फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरमध्ये). रेडिएशनने दुखणं आटोक्यात येतं. नळी निसटून बाहेर आली तर परत आत ढकलू नका. निर्जंतुक गॉजने जागा झाकून दवाखान्यात जा.