वाचनकट्ट्याचा महिन्याचा विषय ठरवताना या चुका टाळा

वाचनकट्टा म्हणजे दर महिन्याला एक विषय धरून वाचणारी आणि मग एकत्र बसून बोलणारी मंडळी. असा कट्टा बंद पडला की 'हल्ली कोणी वाचतच नाही' असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते कारण पटत नाही. रविवारची झोप मोडून जी मंडळी येतात ती वाचणारीच असतात. त्यांच्यासमोर विषय असा टाकलेला असतो की त्यावर वाचून आल्यावर एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरतच नाही. दोन महिने माणसं सहन करतात, तिसऱ्या महिन्यात 'पाहुणे आलेत' असा निरोप येतो. गावोगावच्या कट्ट्यांवर त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून लिहितेय.

अघळपघळ विषय

'निसर्ग'. 'स्त्री'. 'प्रवास'. 'नातेसंबंध'. ही ग्रंथालयातल्या कपाटांवरची लेबलं झाली, विषय नव्हे.

एका उपनगरातल्या कट्ट्यावर मला बोलावलं होतं. विषय 'निसर्ग'. एकाने जंगलखात्यातल्या अधिकाऱ्याच्या आठवणी आणल्या होत्या, एकीने बालकवींच्या कविता, एकीने गच्चीवरच्या बागेचं पुस्तक. एक काका कोकणचं प्रवासवर्णन घेऊन आले होते. का, तर त्यात समुद्र आहे. प्रत्येकाला दहा मिनिटं. पहिल्या तिघांनी नीट सांगितलं, चौथ्यापासून लोक घड्याळाकडे बघायला लागले, सहाव्याच्या वेळी मागच्या रांगेत गॅस सिलिंडरच्या बुकिंगची चर्चा सुरू होती. कोणी कोणाला प्रश्न विचारला नाही. विचारणार तरी काय? समोरच्याचं पुस्तक दुसऱ्या कोणी उघडूनच बघितलेलं नव्हतं. शेवटी संयोजकांनी 'खूप छान झालं' म्हणून आभार मानले आणि पुढच्या महिन्याचा विषय जाहीर केला: 'जीवन'.

माझी सवय अशी आहे की कोणी विषय सुचवला की मी त्याला प्रश्नचिन्ह लावता येतं का ते बघते. 'निसर्ग?' असं काही विचारता येत नाही. पण 'पाऊस पडला नाही तर गाव काय करतं?' असं विचारता येतं. आणि एकदा असं विचारलं की पुस्तकं आपोआप समोर येतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. शेवटी पाऊस दगा देतो, धनगर मेंढरं घेऊन निघून जातात आणि मास्तरची शाळा ओस पडते. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) घ्या. तिथं उपाशी माणसं गाव सोडून जात नाहीत, फकिरा धान्य लुटून आणतो आणि वाटतो. तिसरं, पी. साईनाथांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना'. ते कादंबरी नव्हे, वार्तांकन आहे. त्यातले जिल्हे ओडिशा, बिहार, तमिळनाडू अशा महाराष्ट्राबाहेरच्या राज्यांतले. पण दुष्काळावर कोणाचं पोट भरतं हा त्यातला प्रश्न इथंही जसाच्या तसा लागू पडतो.

एक निघून जातो, एक कोठार फोडतो, एक दुष्काळातूनच कमावतो. आता तीन गट करा, प्रत्येकाने यातलं एकच पुस्तक वाचू दे. तरीही सगळे एकाच प्रश्नावर बोलतील. आमच्याकडे हा महिना झाला तेव्हा नेहमी गप्प बसणाऱ्या एक काकू बोलायला लागल्या. १९७२च्या दुष्काळात त्या शाळकरी होत्या. घरात मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, शाळेत सुकडीचा खाऊ आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला. 'बनगरवाडीतले लोक गेले, आम्हाला जायला जागाच नव्हती,' एवढंच म्हणाल्या. त्यावर 'फकिरा' वाचलेला एक मुलगा म्हणाला की कामावर जाणं हेसुद्धा राहणंच झालं ना. मग अर्धा तास तेच. रोजगार हमी योजनेपर्यंत गाडी गेली. हे 'निसर्ग' या विषयावर कधीच झालं नसतं.

प्रती न मोजता विषय जाहीर करणं

ही दुसरी चूक, आणि ही निव्वळ आळसाची आहे. मराठीत एका आवृत्तीच्या हजारेक प्रती निघतात. त्या संपल्या की पुढची आवृत्ती येईलच असं नाही. चांगली चांगली पुस्तकं वर्षानुवर्षं बाजारात नसतात. हे माहीत असूनही लोक आधी विषय ठरवतात, छान पोस्टर करतात, सगळ्यांना पाठवतात आणि मग कोणीतरी विचारतं, 'पुस्तक कुठं मिळेल?'

एका कट्ट्याने जुन्या स्त्री-लेखिकांच्या कथासंग्रहांचा महिना लावला होता. कल्पना उत्तम. पण चारपैकी तीन संग्रह दुकानात नव्हते. एक गावातल्या वाचनालयात होता. त्याची एकच प्रत, तीही बाहेर. ज्यांच्याकडे होती त्या आजी मुलीकडे नागपूरला गेलेल्या. शेवटी कोणीतरी मोबाइलवर काढलेल्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकले, त्यात डावीकडच्या पानांचा अर्धा मजकूर शिवणीत गेलेला. बैठकीच्या दिवशी सगळे एकाच कथेवर बोलले, कारण तेवढीच सरळ वाचता येत होती. आणि वर संयोजकांची तक्रार, की सभासद मेहनत घेत नाहीत.

मी विषय जाहीर करण्याआधी ग्रंथपालांना फोन करते. त्यांना विचारायचं ते एवढंच: किती प्रती आहेत आणि आत्ता कपाटात किती आहेत. 'आहे' आणि 'कपाटात आहे' यात महिन्याभराचा फरक असू शकतो. मग वही काढून हिशेब: एका प्रतीवर जास्तीत जास्त तीन वाचक, प्रत्येकी दहा दिवस. बारा सभासद असतील तर चार प्रती हव्यात. होत नसतील तर विषय पुढे ढकलायचा आणि तोवर प्रती जमवायच्या. पुस्तक जाडजूड असेल तर दहा दिवसांचा हिशेब बसत नाही, ते वेगळं.

'पीडीएफ आहे ना' हे वाक्य दर महिन्याला ऐकावं लागतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली, हरिभाऊ आपटे १९१९ साली. त्यांचं लेखन खुशाल उतरवून घ्या, विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात जुनं मराठी साहित्य बरंच सापडतं. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. जिवंत लेखकाचं चोरलेलं पुस्तक वाचून त्याच्या 'व्यवस्थेवरच्या भेदक भाष्या'चं कौतुक करणारे लोक मी पाहिले आहेत. फुकटच हवं असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वतःची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. तिकडे कोणी फिरकत नाही, कारण तिथं शोधावं लागतं.

कॅलेंडर बघून विषय

फेब्रुवारीत २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन, म्हणून कुसुमाग्रज. मार्चमध्ये महिला दिन, म्हणून लेखिका. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, म्हणून दलित आत्मकथनं. ऑक्टोबरमध्ये वाचन प्रेरणा दिन, तेव्हा 'प्रेरणादायी पुस्तकं', म्हणजे काय ते देव जाणे.

यात वाईट हे होतं की दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' (१९७८) कायमचं एप्रिलच्या खणात जाऊन पडतं. त्या महिन्यात सगळे गंभीर चेहऱ्याने येतात, 'अंगावर काटा आला' असं म्हणतात आणि घरी जातात. तेच पुस्तक 'मुंबईत राहायला जागा कशी मिळते?' या महिन्यात ठेवून बघा. कावाखाना या मुंबईतल्या वस्तीतली ती दाटी, गावाकडून आलेल्यांनी एकमेकांच्या आधाराने काढलेले दिवस. शेजारी जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) झोपडपट्टी घेऊन उभी आहेच. मग दोन लेखक एकाच शहराकडे कुठून बघतात यावर वाद होतो, कोण आतला आणि कोण बाहेरचा यावर होतो. माणसं पुस्तकाची भाषा बघायला लागतात. सहानुभूती दाखवून सुटका होत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचंही तेच. मार्चमध्ये घेतलं की 'त्या काळच्या स्त्रीचं सोसणं'. मी ते विनोदाच्या महिन्यात ठेवते. लोक चकित होतात, आणि हसतात.

बाकी किरकोळ, पण नडणाऱ्या

विषय बैठकीच्या शेवटी ठरवू नका. चहा झालेला, लोक पायात चपला सरकवतायत, कोणीतरी 'रहस्यकथा घेऊ या का' म्हणतं आणि बाकीचे घाईत मान हलवतात. मी विषय चहाच्या आधी काढते. चहासाठी तरी माणसं थांबतात.

ग्रुपवर मतदान नको. मत देणारे आणि बैठकीला येणारे हे दोन वेगळे समाज आहेत.

निकाल आधीच लागलेला विषय नको. 'अंधश्रद्धेचे दुष्परिणाम' यावर कोण उलटं बोलणार? शाळेतली निबंध स्पर्धा होते.

महाकादंबरीला एक महिना देऊ नका, दोन द्या. आणि तिला विषय म्हणू नका. ते पुस्तक आहे.

दिवाळीच्या महिन्यात विषयच नको. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी माणूस त्या दिवसांत अंक चाळतो, तुम्ही काहीही जाहीर केलं तरी. अंक अदलाबदल करा आणि त्यातल्या एका कथेवर बोला.

कविता वर्षातून एकदा तरी घ्या. पण मोठ्याने वाचायची, सादर करायची नाही. हात वर करून, डोळे मिटून म्हणणाऱ्यांना शेवटचा नंबर द्यावा.

सारांशाचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांचं काय करायचं, असं मला नेहमी विचारतात. सिनेमा बघून येणारेही त्यातच आले. 'बनगरवाडी'वर १९९५ साली सिनेमा निघाला, त्याच्या जोरावर कादंबरीवर तावातावाने बोलणारे भेटतात. भांडत बसू नका. विषय ठरवतानाच सांगून टाका की प्रत्येकाने पुस्तकातला एक परिच्छेद खूण करून आणायचा आणि वाचून दाखवायचा. पान उघडताना हात कसा चालतो त्यावरून सगळं कळतं. न वाचलेला माणूस पहिल्या पाच पानांतच खूण शोधतो.

नवीन कट्टा सुरू करणाऱ्यांचा उत्साह मला थोडा धास्तावतो. पहिल्या बैठकीआधीच बारा महिन्यांचे बारा विषय, बोधचिन्ह, पुस्तकाच्या आकाराचा केक. अरे बाबांनो, आधी एकमेकांना ओळखा तरी. कोण जाड पुस्तक झेपवतं, कोणाला बारीक टाइप वाचता येत नाही, कोण फक्त प्रवासात लोकलमध्येच वाचतं, हे कळायला काही महिने जावे लागतात. तोवर विषय ठेवूच नका. सगळ्यांनी मिळून एकच बारकं पुस्तक वाचा. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) शनिवार-रविवारमध्ये संपते, बोटीवरची गोष्ट आहे आणि भांडायला भरपूर जागा आहे.

आणि ठरलेला विषय अर्ध्या महिन्यात बदलू नका, अगदी कंटाळवाणा निघाला तरी. कोणीतरी साडेतीनशे रुपये मोजून ते पुस्तक विकत घेतलेलं असतं. त्याला बैठकीत पहिल्यांदा बोलू द्या.