कोळशाच्या थरांतून प्राचीन दलदल वाचताना या चुका टाळा

चंद्रपूर-वणी पट्ट्यातील खुल्या खाणीत कोळशाच्या भिंतीसमोर उभे राहिले की चकचकीत आणि मंद पट्ट्यांची चळत दिसते. पर्मियन काळात, म्हणजे सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी, ग्लोसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या वृक्षांच्या दलदलीत साचलेले पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, कधी पाण्याखाली राहिले आणि कधी उघडे पडले, याच्या खुणा या पट्ट्यांत असतात. मात्र त्या वाचताना काही चुका हमखास होतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे नुसती चकाकी पाहून निकाल देणे. ब्रिटिश वनस्पती-जीवाश्मतज्ज्ञ मेरी स्टोप्स यांनी 1919 मध्ये कोळशाच्या पट्ट्यांना व्हिट्रेन, क्लॅरेन (मध्यम चकाकीचा), ड्यूरेन (मंद) आणि फ्यूझेन अशी नावे दिली. काचेसारखे व्हिट्रेन बहुधा पाण्याखाली, हवेपासून दूर राहिलेल्या लाकडापासून बनते, हे खरे. परंतु त्यावरून मंद पट्टी म्हणजे कोरडी पडलेली दलदल असे मानता येत नाही. पूर येऊन पीटमध्ये गाळ मिसळला तरी कोळसा मंद दिसतो, आणि उघड्या पाण्याच्या डबक्यात बीजाणू साचले तरीही तो तसाच दिसतो. म्हणून तुकडा हातात घ्यावा. तो हलका, तंतुमय असून बोटांना काळे लागत असेल, तर ते लोणारी कोळशासारखे फ्यूझेन होय आणि तेथे वणव्याची शक्यता प्रबळ ठरते. त्याच आकाराच्या चकचकीत तुकड्यापेक्षा तो तळहातावर जड लागला, तर गाळाचा संशय घ्यावा. बीजाणूंचा निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

दुसरी चूक मी स्वतः विद्यार्थिदशेत केली आहे: संपूर्ण थराचे तुकडे एकाच पोत्यात भरले. अशा नमुन्यावरून राखेचे सरासरी प्रमाण कळते, पण क्रम कायमचा हरवतो. तळापासून छतापर्यंत पट्टीनिहाय नमुने घ्यावेत, प्रत्येकावर वरची बाजू दाखवणारा बाण काढावा आणि मधले मातीचे पट्टे टाकाऊ समजून फेकू नयेत, कारण नदीचे पाणी दलदलीत कधी शिरले हे बऱ्याचदा तेच सांगतात. थराखालच्या खडकात ग्लोसोप्टेरिसची मुळे, म्हणजे व्हर्टेब्रेरिया, आढळतात का, हेही पाहावे.

कोळसा म्हणजे उष्ण कटिबंधातील जंगल, ही समजूतही येथे चालत नाही. गोंडवन भूमीचा, म्हणजे दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाचा, हा भाग तेव्हा दक्षिणेकडील थंड अक्षांशांवर होता, आणि चंद्रपूरजवळ इरई येथे कोळशाच्या थरांहून जुन्या, हिमयुगातील टाल्चीर नावाच्या खडकांखालील चुनखडीवर हिमनदीने ओढलेले ओरखडे सापडले आहेत.

गंधकाबाबत घाई करू नये. मेघालयातील तृतीयक, म्हणजे पर्मियननंतरच्या बऱ्याच अलीकडच्या काळातल्या, कोळशात गंधक जास्त असते आणि त्याचा संबंध समुद्राच्या सान्निध्याशी जोडला जातो. परंतु भेगांमध्ये पातळ पापुद्र्यासारखा बसलेला सोनेरी पायराइट, म्हणजे लोह व गंधकाचे खनिज, पुष्कळदा कोळसा तयार झाल्यानंतर पाण्याबरोबर आलेला असतो, त्यामुळे तो वेगळा नोंदवल्याशिवाय दलदल खारी होती असे लिहू नये.