कुंभार्ली घाटात एडासवाली गाडी: वळणापलीकडचं कसं कळणार?

मी चिपळूणला गाडी चालवायला शिकवते. नवी गाडी घेऊन येणारे हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतात, "मॅडम, गाडीला एडास आहे, घाटात चालू ठेवू ना?" एडास म्हणजे कॅमेरा-रडारने रस्ता बघून ब्रेक, वेग आणि स्टिअरिंगला मदत करणाऱ्या यंत्रणा. त्यातलं काही चालू ठेवायचं, काही बंद करायचं, आणि एक काम ही गाडी करूच शकत नाही, ते आपल्याला करायचं असतं.

गाडीला दिसतं किती, ते आधी समजून घ्या. आतल्या आरशामागे काचेला लावलेला कॅमेरा आणि पुढच्या बंपरमागचं रडार, दोघांनाही सरळ रेषेत समोर असेल तेवढंच दिसतं. पोफळी सोडून घाट चढायला लागलात की वळणावळणाला मध्ये डोंगर येतो. पलीकडून उतरणारी एसटी ना कॅमेऱ्याला दिसते, ना रडारला. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी २५ मीटर तिथेच संपले, आणि ओल्या उतारावर थांबायला लागणारं अंतर त्याच्या पुढे. म्हणून जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत लावलेला वेग सांभाळणारी यंत्रणा, पायथ्यालाच बंद करा. पुढचा ट्रक वळणाआड गेला की रडारमधून सुटतो. गाडी समजते रस्ता मोकळा झाला, आणि तुम्ही लावून ठेवलेल्या वेगाकडे पळायला लागते, तीही ऐन वळणाच्या तोंडावर. गाडीला पट्ट्यांच्या आत ठेवणारं लेन असिस्टही बंद. पट्टे पुसलेले असतात, पावसात कडेला माती आलेली असते. ती चुकवायला तुम्ही स्टिअरिंग फिरवता आणि गाडी उलट ओढते. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मात्र अजिबात बंद करू नका, आणि धडकेचा इशारा लवकर मिळेल असं सेटिंग ठेवा. पावसाळ्यात घाट चढण्याआधी कॅमेऱ्यासमोरची काच आणि बंपरवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा. मागच्या बंपरचे कोपरेही पुसा, बऱ्याच गाड्यांत बाजूच्या, आरशात न दिसणाऱ्या पट्ट्यावर नजर ठेवणारी रडारं तिथेच असतात.

आता वळणापलीकडचं. त्यासाठी जगात जे तंत्र तयार झालंय ते व्ही-टू-व्ही, म्हणजे गाडीने गाडीला थेट रेडिओवरून सांगणं. प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण १० वेळा आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक दाबलाय का, एवढं आसपासच्या गाड्यांना कळवते. मोकळ्या रस्त्यावर हे ३०० मीटरपर्यंत सहज पोचतं. पुढच्या ट्रकच्याही पुढे कोणी करकचून ब्रेक मारला, तर ते तुम्हाला दिसायच्या आधी तुमची गाडी इशारा देते. जपानमध्ये टोयोटाने २०१५ मध्ये असं तंत्र बाजारात आणलं, युरोपात फोक्सवॅगनच्या आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये ते आलं. अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं करायचा प्रस्ताव २०१६ च्या अखेरीस मांडला गेला आणि २०२३ मध्ये मागे घेतला गेला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे तंत्र एकट्या गाडीला असून उपयोग नाही. बोलणारी आणि ऐकणारी, दोन्ही गाड्यांत ते हवं. आणि घाटात तेवढ्यानेही भागणार नाही. ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरी डोंगर भेदून जात नाहीत, त्यामुळे आमच्यासारख्या घाटांत वळणावळणाला निरोप पुढे देणारी यंत्रं खांबांवर बसवावी लागतील. ती बसायला हवीत.

तोवर हे काम माणसांनी करायचं. आंधळ्या वळणाआधी एक लांब हॉर्न द्या, मग काच थोडी खाली करून ऐका. रात्री हॉर्नऐवजी डिपर. समोरून गाडी येत असेल तर ती दिसायच्या आधी तिचा उजेड कातळावर सरकताना दिसतो. तो दिसला की आपली बाजू धरा आणि अपर खाली करा. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे. पुढे अडथळा दिसला की ब्रेक हलका पण लवकर दाबा, म्हणजे तुमचा लाल दिवा बघून मागचाही वेळेवर सावध होतो. धुक्यात चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळणार तेच मागच्याला कळत नाही.

ट्रकवाल्याच्या उजव्या इंडिकेटरवर मी मुलांना कधीच भरवसा ठेवू देत नाही. कोणी तो 'जा पुढे' म्हणून देतो, कोणी खरंच उजवीकडे वळणार असतो. व्ही-टू-व्हीत प्रत्येक संदेशाचा अर्थ आधीच ठरलेला असतो, म्हणून तिथे असा घोळ होत नाही. आपल्याकडे मात्र स्वतःला रस्ता दिसेपर्यंत ओव्हरटेक नाही.

गणपतीला दोन गाड्या मिळून निघत असाल तर दोन्ही गाड्यांत ड्रायव्हरशेजारी बसलेल्यांनी फोन चालू ठेवावा. पुढच्याने फक्त कामाचं सांगायचं: "डंपर उतरतोय, थांबा", "डावीकडे माती आहे". ड्रायव्हरने फोनला हात लावायचा नाही. घाटात रेंज जाते, तेव्हा मागच्या गाडीने आपण होऊन वेग कमी करायचा.

गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये 'कनेक्टेड' या शब्दावर थांबू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ गाडीतलं सिम कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं, एवढाच असतो. सरळ विचारा: ही गाडी शेजारच्या गाडीशी थेट बोलते का? आणि पुढची काच कधी बदललीत तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, केल्याचं बिलावर लिहून घ्या, त्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.