नाटक काढताय? आधी एका प्रयोगाचा हिशेब मांडा

नवा निर्माता पहिला प्रश्न विचारतो तो निर्मितीखर्चाचा: सेट, कपडे, तालमीचं भाडं, संगीत, फोटो, सगळं मिळून किती लागतील? हा पैसा एकदाच घालायचा असतो. नाटकाचा जीव जातो तो प्रयोगखर्चापायी. पडदा उघडला की दर वेळी जे देणं लागतं, ते तालमी सुरू होण्याआधी कागदावर यायला हवं.

उदाहरण म्हणून चार पात्रांचं दोन अंकी नाटक घेऊ. आकडे गावागणिक आणि नटागणिक बदलतील, रीत तीच राहते. नाट्यगृहाचं भाडं आणि वीज 15,000. चार कलाकारांची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रत्येकी 3,000, म्हणजे 12,000. लेखक-दिग्दर्शकाचं मानधन 4,000. बॅकस्टेजचे सात जण, माणशी 1,200 धरून 8,400. लाइट आणि साउंडचं भाडं 6,000, टेम्पो 5,000, चहा-नाश्ता-जेवण 3,000, जाहिरात 12,000, किरकोळ 2,600. बेरीज 68,000. तिकिटं निम्मी 300 ची आणि निम्मी 200 ची असतील, तर सरासरी 250 पडते. ऑनलाइन विक्रीचं कमिशन वजा जाता हातात 240 आले असं धरा. म्हणजे 284 तिकिटं विकली गेली की प्रयोग बरोबरीत सुटला. वर आणखी 50 गेली तर 12,000 उरतात, आणि निर्मितीला सहा लाख घातले असतील तर ते वसूल व्हायला असे 50 प्रयोग लागतात. पासवर आलेले पाहुणे या 284 मध्ये धरू नका. पहिल्या काही प्रयोगांना तेच जास्त असतात आणि भरलेलं नाट्यगृह बघून निर्माता उगाच खूश होतो.

हा कागद हातात असला की दिग्दर्शकाशी बोलणंही सोपं जातं. नेपथ्य दोन टेम्पोंत गेलं, तर दुसरा टेम्पो 5,000 आणि तीन जादा माणसं 3,600, म्हणजे दर प्रयोगाला 36 तिकिटं जादा विकावी लागणार. दिग्दर्शकाला तो दोन मजली वाडा हवाच असेल तर हरकत नाही, पण ती 36 माणसं कुठून येणार हे दोघांनी मिळून ठरवावं.

नेपथ्याबद्दल जरा खोलात जायला हवं, कारण दौऱ्यावर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्या नाट्यगृहांत शनिवार-रविवारी सकाळ, दुपार, रात्र अशी तीन सत्रं चालतात. दुपारी चारचा प्रयोग असेल तर आधीच्या मंडळींचा सेट निघेपर्यंत पावणेतीन वाजलेले असतात. म्हणजे तुमच्या हातात तासभर, फार तर सव्वा तास. तेवढ्यात लागणारा सेट हवा. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींचे सुटे तुकडे, चार बाय दहा फुटांच्या पुढे नेऊ नयेत, म्हणजे 14 फुटी टेम्पोत मावतात आणि मागच्या दारातून आडवे न करता आत येतात. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर मोठ्या अक्षरात क्रमांक आणि बाण रंगवून घ्या. बिजागऱ्यांच्या पिना, क्लॅम्प, दोऱ्या आणि दोन हातोड्या यांची पिशवी वेगळी ठेवा आणि ती एकाच माणसाच्या ताब्यात द्या. स्टेजवर जे आधी लागतं ते टेम्पोत सगळ्यात शेवटी भरायचं. रंगमंच मोकळा असतानाच लाइट टांगून घ्यायचे. एकदा फ्लॅट उभे राहिले की शिडी फिरवायला जागा उरत नाही आणि फोकसिंग रेंगाळतं. रंगमंचाची रुंदी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. म्हणून आराखडा 28 फुटांत बसवावा आणि मोठ्या स्टेजवर भरायला दोन जादा फ्लॅट ठेवावेत. मोठ्या स्टेजवर बेतलेला सेट डोंबिवलीहून पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत न्यायचा असेल, तर लहान आवृत्ती सुरुवातीलाच आखून घ्या. ऐन वेळी कापाकापी केली की नटांच्या एन्ट्रीच बदलतात.

आता कागदपत्रं. लेखकाशी लेखी करार करा, तो मित्र असला तरी. दर प्रयोगाचं मानधन किती, हक्क किती वर्षांचे, सलग किती महिने प्रयोग झाला नाही तर हक्क लेखकाकडे परत जाणार, चित्रीकरण आणि इतर भाषांतले प्रयोग कोणाचे, हे सगळं त्यात असावं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. देवल किंवा गडकरी यांची नाटकं त्यातून मोकळी झाली आहेत, पण कालपरवाच्या लेखकाच्या वारसांची परवानगी लागतेच. परदेशी नाटकाचं रूपांतर करायचं तर मूळ हक्कधारकाची संमतीही हवी. ‘नावं बदलली, आता कोणाला कळणार’ ही समजूत महागात पडते. पार्श्वसंगीतात चित्रपटाचं गाणं वाजवायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा. त्यापेक्षा संगीतकाराकडून नवं करून घेतलेलं स्वस्त पडतं.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. संहिता वाचून मंडळ प्रमाणपत्र देतं, कधी काट सुचवतं. संहिता पक्की झाली की लगेच अर्ज करा, शुभारंभाच्या आठवड्यावर टाकू नका. तालमीत प्रसंगच बदलला तर बदललेली संहिता पुन्हा दाखवावी. प्रमाणपत्राची प्रत प्रयोगाच्या बॅगेत कायम असावी, कारण बाहेरगावी स्थानिक पोलीस ती मागतात.

तिकीटदर ठरवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाटकाच्या माणशी 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्याच्या वर 18 टक्के लागतो. पुढच्या रांगा 500 वर येऊन थांबतात त्यामागे हेही एक कारण. दुसरं, बऱ्याच नाट्यगृहांत भाडं तिकीटदराशी बांधलेलं असतं. दर पन्नासने वाढवला आणि भाडं दीडपट झालं, तर हाती काहीच लागत नाही. तेव्हा आधी कार्यालयातून दरपत्रक मागून घ्या.

तारखा हे सगळ्यात चिवट दुखणं. बहुतेक पालिका नाट्यगृहांत काही महिन्यांच्या तारखांचं वाटप एकदमच होतं. शनिवार-रविवार जुन्या संस्थांकडे जातात, नव्याला मंगळवार-बुधवार मिळतो. अर्ज मुदतीत द्या आणि रद्द झालेल्या तारखांसाठी कार्यालयात नियमित चक्कर मारा. तिथल्या लिपिकाला तुमचा चेहरा माहीत असणं दहा अर्जांपेक्षा उपयोगी. दुसऱ्या संस्थेची तारीख परस्पर घेऊ नका, बहुतेक ठिकाणी ते नियमात बसत नाही. तारीख मिळाली की आधी नटांना विचारा. मालिकेत काम करणारा नट असेल तर प्रयोगाच्या दिवशी मोकळं सोडण्याचं प्रॉडक्शन हाऊसकडून लेखी घ्या, आणि प्रत्येक भूमिकेला एक रिप्लेसमेंट निदान संवाद पाठ असलेली ठेवा. परीक्षांचा फेब्रुवारी-मार्च, ऐन गणपती आणि दिवाळीचे पहिले दोन दिवस तिकीटविक्रीला वाईट. त्याच गणपतीत आणि नवरात्रात कंत्राटी प्रयोग, म्हणजे आयोजकाने ठरलेल्या रकमेवर बोलावलेले, मात्र मिळतात.

प्रसिद्धीला पैसा मर्यादित असतो, म्हणून तो कुठे घालावा याला क्रम लागतो. वृत्तपत्राची जाहिरात कॉलम-सेंटिमीटरच्या दराने जाते. नाटकाच्या पानावर छोट्या चौकोनात नाव, नटांची नावं, तारीख, वेळ, नाट्यगृह एवढं वाचता आलं की पुरे. त्यात समीक्षकाची चार वाक्यं कोंबली की तारीखच दिसत नाही. प्रयोगाच्या दिवशी आणि त्याआधी दोन-तीन दिवस जाहिरात द्या, महिनाभर पसरू नका. पोस्टरसाठी रंगीत तालमीत काढलेले फोटो वापरू नका. त्यासाठी वेगळा फोटोशूट ठेवावा, चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत.

ऑनलाइन विक्री तिकीटालय किंवा बुकमायशो यांच्याकडे ठेवली तरी नाट्यगृहाच्या खिडकीवर काही जागा राखाव्यात. ज्येष्ठ प्रेक्षक अजून खिडकीवर येतो, प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, बघतो आणि बोट ठेवून खुर्ची मागतो. सगळ्या चांगल्या रांगा ऑनलाइन गेल्या असतील तर तो परत जातो. दोन्हीकडचा प्लॅन जुळतोय ना, हे रोज संध्याकाळी एकाने तपासायचं, कारण एकच खुर्ची दोघांना विकली गेली की दारातच भांडण जुंपतं.

सर्वात स्वस्त प्रसिद्धी मध्यंतरात होते. पुढच्या प्रयोगाची घोषणा नटाने स्वतः करावी, एका मिनिटात, गाव आणि तारीख सांगून. ज्यांना नाटक आवडलंय ते त्या क्षणी समोरच बसलेले असतात. बाहेर पडताना दाराशी वही ठेवा आणि फोन क्रमांक घ्या. महिला मंडळं, बँकांचे कर्मचारी, शिक्षक संघटना, गृहसंस्था यांना वीस तिकिटांवर सवलत देण्यासाठी हीच यादी कामाला येते.

कंत्राटी प्रयोगात ठरलेली रक्कम मिळते आणि तिकिटांचा धोका आयोजकाचा असतो. निम्मी रक्कम तारीख देतानाच घ्यावी, उरलेली पहिल्या घंटेआधी. राहणं, जेवण, स्टेजचं माप, वीज किती किलोवॅट, जनरेटर आहे का, हे फोनवर न ठेवता लिहून घ्या. मांडवातल्या स्टेजला विंगाच नसतात, कधी वरून टांगायला काही नसतं. तेव्हा लाइटचे स्टँड बरोबर न्यावे लागतात. पणजीच्या कला अकादमीत किंवा मडगावच्या रवींद्र भवनात नाटक जायचं असेल तर वाहतूक आणि मुक्काम धरून आकडा सांगा, मुंबईचाच दर सांगून बसलात तर पैसे खिशातून जातील.

बॅकस्टेजचे पैसे त्याच रात्री, टेम्पो भरून झाल्यावर द्या. पुढच्या वेळी तुमचा सेट कसा लागतो ते यावरून ठरतं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाचं नाट्यनिर्मिती अनुदान मिळालं तर ते जमेला धरा, पण प्रयोगाच्या खर्चात आधीच मोजू नका, ते हातात पडायला वेळ लागतो.

आणि सेट ठेवायच्या गोदामाचं भाडं विसरू नका. दोन महिन्यांत प्रयोग लागला नाही तरी ते चालूच राहतं. सलग तीन-चार प्रयोगांना प्रयोगखर्च निघाला नाही, तर पुढच्या तारखा सोडून नाटक थांबवावं, फ्लॅट आणि लेव्हल (स्टेजवरचे उंचवटे) दुसऱ्या संस्थेला भाड्याने द्यावेत. रंग पुसून तेच पुढच्या नाटकात वापरता येतात, म्हणूनही ते सुरुवातीलाच चार बाय दहाच्या ठरावीक मापात करून घ्यावेत.